अर्धा मिली

आमच्या घरात गणित माझ्याकडे आणि हात दादाकडे, अशी वाटणी पहिल्यापासून ठरलेली आहे. मी पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे. मुख्याध्यापिकेशी पटेना म्हणून आता घरीच शिकवण्या घेते. दादा, माझा थोरला भाऊ, डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासतो. त्याला वजाबाकी धड जमत नाही आणि माझ्या हातात काचेची वस्तू धड राहत नाही. म्हणून त्याची मुलगी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली तेव्हा त्याने जागच्या जागी निकाल देऊन टाकला, "गणित चुकलं असणार. आत्याकडे जा." हात चुकला असेल ही शंकासुद्धा त्याला शिवली नाही. हात त्याने स्वतः शिकवला होता.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी बसत नाही म्हणून नाव पडलं, ते चिकटलं. त्या दिवशी मात्र ती माझ्या खोलीत येऊन गप्प बसली, तेव्हाच मी ओळखलं की पाणी डोक्यावरून गेलंय.

"गुरुवारी फेरपरीक्षा आहे," ती म्हणाली. "या वेळी पण गेले तर वर्ष गेलं."

"वर्ष कुठे जात नाही. तू तिथेच राहतेस."

"आत्या, प्लीज. आज टोमणे नकोत."

मग मी चष्मा लावला आणि तिचा तपासलेला पेपर घेतला.

ज्यांना शाळा सोडून जमाना झाला त्यांच्यासाठी सांगते. टायट्रेशन म्हणजे फ्लास्कमध्ये मोजून आम्ल घ्यायचं, त्यात रंग दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या लांब काचेच्या नळीतून, कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंब थेंब सोडायचं. आम्ल संपलं की पाण्यासारखं दिसणारं द्रावण फिकट गुलाबी होतं. तिथे तोटी बंद करायची, किती कॉस्टिक लागलं ते वाचायचं, आणि त्यावरून आम्ल किती होतं याचं गणित करायचं. सगळी मेख त्या 'फिकट' शब्दात आहे. गडद झालं म्हणजे आपण पुढे गेलो.

मी तिचं गणित ओळीओळीने तपासलं. सूत्र बरोबर. आकडे बरोबर. दशांशचिन्ह जागेवर. एककंसुद्धा लिहिलेली, जी माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना ओरडूनही लिहिता येत नाहीत. खरं सांगते, माझा जरा हिरमोडच झाला. चूक सापडली असती तर दहा मिनिटांत समजावून मी चहाला मोकळी झाले असते.

"गणितात चूक नाही," मी म्हटलं.

"असं कसं? नीट बघ ना."

"नीट बघूनच सांगतेय. तुझी तीन वाचनं साडेदहा, साडेदहा, साडेदहा. यायला हवं होतं दहा. गणित काय करणार बिचारं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

परीक्षकाने खाली लाल शाईत लिहिलं होतं: 'तिन्ही वाचने जुळतात. तिन्ही चूक.' मला ही भाषा आवडली. माणूस कामाचा असावा.

"म्हणजे हात चुकला?" भिंगरी म्हणाली आणि लगेच तिनेच मान हलवली. "पण हात तर बाबांचा आहे."

आमच्या घरात या वाक्यापुढे कुणी काही बोलत नाही. डेअरीच्या फाटकावर रोज सकाळी दुधाचे कॅन उतरतात आणि प्रत्येक कॅनमधलं थोडं दूध दादाच्या टेबलावर येतं. तिथेही हेच टायट्रेशन. दूध जितकं आंबट, तितकं कॉस्टिक जास्त लागतं. दोन मिलीच्या आत गुलाबी झालं तर दूध आत. दोनच्या वर गेलं तर कॅन परत. तिथे गणित वगैरे काही नाही, दोनचा आकडा भिंतीवर रंगवलेला आहे आणि बाकी सगळं दादाच्या हातात. आजवर कुणी त्याच्या हाताला आव्हान दिलेलं नाही. डेअरीचा मॅनेजर नवीन माणसांना सांगतो म्हणे, मशीन बिघडेल पण दादांचा हात बिघडणार नाही.

त्या रात्री जेवताना दादा रंगात होता. अलीकडे तो रोज एकच रडगाणं गातो, लोकांनी कॅन धुणं सोडलंय, दूध नासकं येतं, कुणाला कामाची चाड राहिली नाही.

"ती दोन गायींची बाई," तो म्हणाला, "आज दुसऱ्यांदा परत पाठवली. भांडायला लागली. म्हणे वास घेऊन बघा, तोंडात घालून बघा. मी म्हटलं, बाई, नाकाने डेअरी चालत नाही."

"मग काय म्हणाली?" वहिनीने विचारलं.

"म्हणते काय! कॅन उचलला, गेली. तिसऱ्यांदा परत गेलं की दूध घालायचं कार्डच बंद. नियम आहे. मग बसू दे गायी कुरवाळत."

भिंगरी हसली, मीही हसले. वहिनी हसली नाही. ती वरच्या बल्बकडे बघत होती. तो बल्ब दादाने त्याच आठवड्यात बदलला होता. त्याआधीचाही त्यानेच बदलला होता, अंधुक वाटतो म्हणून. आमचं स्वयंपाकघर आता ऑपरेशन थिएटरसारखं लखलखत होतं आणि तरी दादा ताटावर वाकून जेवत होता.

दुसऱ्या दिवशी भिंगरी फिजिक्सचा गृहपाठ घेऊन आली. व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं ते दोन जबड्यांचं उपकरण. प्रश्न असा की जबडे पूर्ण मिटवलेले असताना शून्य दिसायला हवं, पण दिसतंय थोडं जास्त. मग मोजलेल्या गोळीचा खरा व्यास किती?

"असलं बिघडलेलं घेतंच कोण?" ती म्हणाली. "फेकून द्यावं ना."

"फेकायचं कशाला? ते लबाड नाही. ते दर वेळी सारखंच जास्त सांगतं. किती जास्त सांगतं ते एकदा कळलं की प्रत्येक वाचनातून तेवढं वजा करायचं. याला झीरो एरर म्हणतात. दर वेळी वेगळं खोटं बोलतं, ते फेकायचं."

तिने उत्तर काढलं. बरोबर आलं. मग पेन्सिल तोंडात धरून ती बराच वेळ उत्तराकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "आत्या, माझी तिन्ही वाचनं पण सारखीच जास्त होती."

"हो."

"अर्धा मिली."

"हो."

मला कळलं होतं ती कुठल्या दारात उभी आहे. पण मी दार ढकलणारी कोण? तिचा बाप आहे तो.

रविवारी दुपारी भिंगरीने जाहीर केलं की सराव करायचा, आणि बाबांनी समोर बसायचं. दादा खूश झाला. सकाळची पाळी करून आला होता, जेवण झालं होतं. त्याने डेअरीतून बाद झालेली आपली जुनी ब्युरेट माळ्यावरून काढली, स्टँडला बांधली आणि टेबलावर पांढरी बशी पालथी घातली, फ्लास्कखाली रंग नीट दिसावा म्हणून. या सगळ्यात त्याचे हात इतके सराईत फिरत होते की मीसुद्धा बघत राहिले. मी भिंतीकडेला बटाटे सोलत बसले. काचेपासून लांब.

पहिल्यांदा व्हिनेगर. बाटलीवर छापलेलं, चार टक्के आम्ल. भिंगरीने पाणी घालून दसपट पातळ केलं, मोजून घेतलं आणि तोटी सोडली. सहा पॉइंट सातवर द्रावण हलकंसं गुलाबी झालं. मला भिंतीजवळून दिसलं. तिने तोटी बंद केली.

"अगं, थांबलीस का?" दादा म्हणाला.

"झालं ना बाबा."

"काय झालं? पाणी आहे नुसतं. तुझी हीच घाई नडली परीक्षेत. सोड अजून."

तिने माझ्याकडे बघितलं. मी बटाट्याकडे बघितलं. तिने आणखी सोडलं. सहा पॉइंट आठ, नऊ, सात. फ्लास्कमधलं पाणी मला आता लिपस्टिकसारखं दिसत होतं. सात पॉइंट दोनला दादाने बोट वर केलं. "आत्ता. हा बघ, हा फिकट गुलाबी. लक्षात ठेव."

माझ्या हातातला बटाटा सोलून संपला होता आणि मी सोलतच होते.

भिंगरीने दोन्ही गणितं केली. तिच्या आकड्याने चार टक्के. दादाच्या आकड्याने चार पॉइंट तीन. तिने कागद त्याच्यापुढे सरकवला.

"मग?" दादा म्हणाला. "लेबलं काय, कुणीही काहीही छापतं. बाटलीवर विश्वास ठेवायचा की डोळ्यांवर?"

वहिनी ओट्यापाशी भांडी पुसत होती. ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, तिला काय शिकवायचं ते शिकवा. ह्यांना शिकवायला जाऊ नका."

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मला एवढंच माहीत आहे की परवा ह्यांनी माझी अबोली साडी पांढरी म्हणून धोब्याला दिली."

आता सांगते, मला राग आला. दादाचा नाही, वहिनीचा नाही. स्वतःचाही फारसा नाही. सगळ्यांनी मिळून एका माणसाभोवती इतका आदर रचला होता की त्याला दिसत नाही हे त्याला कळायलाही जागा उरली नव्हती. आणि त्या आदरापायी गुरुवारी ही पोर पुन्हा साडेदहा, साडेदहा, साडेदहा लिहून येणार होती. मी उठले. माझ्या शिकवणीच्या कपाटातून एक बाटली आणली आणि टेबलावर ठेवली. माझ्या मानाने फारच हळू ठेवली.

"हे काय?" दादा म्हणाला.

"ऑक्झॅलिक अॅसिड. मी स्वतः तोलून केलंय. तोलणं मला जमतं, सांडणं नंतर होतं. याला लेबल नाही, कंपनी नाही. याचे दहा मिली घेतले की कॉस्टिक बरोबर दहा मिलीच लागतं. त्यात दुसरं काही होऊच शकत नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? कर तू."

"मी? परीक्षा हिची आहे."

"तिला बघू दे हात कसा चालतो ते."

हात दाखवायचा म्हटल्यावर दादा नाही म्हणणार नव्हता, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याने खुर्ची पुढे ओढली. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने फ्लास्क गोल गोल. मोठ्या झपाट्याने नऊपर्यंत आणलं, मग थेंबावर आला. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट नऊ. दहाला भिंगरी पुटपुटली, "आत्ता," पण तिने ते स्वतःशीच म्हटलं. दादा पुढे गेला. डोळे बारीक करून, फ्लास्क बल्बखाली धरून, परत खाली आणून, एकेक थेंब. त्याचा एकही थेंब हलगर्जीपणाने पडला नाही. साडेदहाला तो थांबला आणि समाधानाने मागे टेकला.

"किती आलं वाचा, मास्तरीणबाई."

"तूच वाच."

तो ब्युरेटपाशी वाकला, पार नाक लागेल इतका. "साडेदहा." आणि मग तो माझ्या बाटलीकडे बघायला लागला. "पुन्हा करतो."

पुन्हा साडेदहा. तिसऱ्यांदा साडेदहा.

दादाने फ्लास्क उचलून खिडकीशी नेला, परत आणला. "तुझं तोलणं चुकलं असेल," तो मला म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. मग त्याने फ्लास्क धुतला, दहा मिली घेतले आणि भिंगरीच्या हातात दिला. "तू कर. तुझ्या मनाने. मी बोलणार नाही."

भिंगरीने तोटी धरली. एरवी इकडून तिकडे नाचणारी पोर खांबासारखी उभी होती. बरोबर दहाला तिने तोटी बंद केली. बशीवर फ्लास्कमध्ये अगदी फिका, असून नसल्यासारखा गुलाबी रंग होता.

"झालं?" दादाने विचारलं.

"झालं, बाबा."

"रंग आहे?"

"आहे."

त्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मान हलवली. मग माझ्याकडे. मी म्हटलं, "आहे रे, दादा."

तो फ्लास्ककडे बघत राहिला. त्याच्या दृष्टीने ते पाणी होतं. तीन बायका त्याला सांगत होत्या की ते गुलाबी आहे, आणि त्यांतली एक तर त्यानेच शिकवलेली होती. मला वाटलं, आता हा चिडेल, टेबल सोडून जाईल. मी त्याच्या जागी असते तर गेले असते, जाताना दारही आपटलं असतं.

"म्हणजे मोतीबिंदू," तो म्हणाला. "आमच्या बापालाही होता." मग भिंगरीला, "पेपरात साडेदहा माझ्यामुळे लिहिलंस?"

भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमची वाचनं वेडीवाकडी नाहीत, बाबा. दर वेळी बरोबर अर्धा मिलीच जास्त येतात. व्हिनेगरलाही अर्धाच आला होता. याला झीरो एरर म्हणतात. ते टाकून द्यायचं नसतं. नुसतं वजा करायचं असतं."

"वजा करायचं," दादा म्हणाला.

वहिनीने चहा ठेवला, तो त्याने घेतला नाही. मग त्याने भिंगरीचा गृहपाठाचा कागद पालथा केला आणि पेन्सिल मागितली. दादा आणि पेन्सिल! घरातला किराणासुद्धा तो मला जोडायला देतो.

"सकाळी," त्याने लिहिता लिहिता सांगितलं, "ती दोन गायींची बाई आली होती. तिसरी वेळ. दोन पॉइंट दोन आलं. मी कॅन परत केला आणि कार्ड घेऊन फाडलं. भांडली नाही आज. म्हणाली, तुम्ही म्हणताय म्हणजे असेल."

तो मोठ्या अक्षरात लिहीत होता, शाळेतल्या पोरासारखं, कागदाला नाक लावून. दोन पॉइंट दोन. त्याखाली पॉइंट पाच. आडवी रेघ. हातचा घेताना तो अडखळला; भिंगरीचा हात पुढे झाला, पण मी तिचं मनगट धरलं. त्याने त्याचं त्याला केलं. एक पॉइंट सात.

"आणि मर्यादा दोनची," तो म्हणाला. "खरं म्हणजे दुधात तर जास्तच धरायला हवं. पांढऱ्यावर गुलाबी म्हणजे मला अर्ध्याहून उशिराच दिसत असणार." त्याने कागद भिंगरीकडे सरकवला. "तपास."

"बाबा, राहू दे ना."

"तपास म्हणतो ना. परीक्षा आहे तुझी."

तिने कागद घेतला. एवढ्याशा वजाबाकीला तिला फार वेळ लागला.

"बरोबर आहे, बाबा."

"मास्तरीणबाई, तुम्हीही बघा. हिला आज मी पास झालेला हवा असेल."

मी कागद घेतला. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या गणितांत चुका शोधल्या आहेत. ती माझी भाकरी आहे आणि, लपवत नाही, ती माझी हौसही आहे. त्या कागदावर मी पहिल्यांदाच मनापासून चूक शोधली. एक चिन्ह, एक हातचा, काहीही. दोनदा वाचलं.

"बरोबर आहे, दादा," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली आणि कागदाची घडी करून खिशात घातली. मग तो दाराशी गेला आणि चपला शोधायला लागला. चपला समोरच होत्या.

"कुठे निघालात?" वहिनीने विचारलं.

"तिचं घर तळ्याच्या पलीकडे आहे म्हणे. तिकडून मॅनेजरकडे." त्याने चपला पायात सरकवल्या आणि हात मागे केला, कुणाकडे न बघता. "भिंगरे, चल. रस्ता तू बघ."